दिवसा सांगतलेली गोष्ट

अरे, ऐका तं! गिरडकडच्या टोलीतला, म्हणजे पाच-पन्नास घरांच्या वस्तीतला, डोमाजी म्हणजे गोंडी गोष्टी सांगणारा शेवटला माणूस. पण दिवसा गोष्ट म्हटली का तोंडाले कुलूप! दिवसा सांगतली का ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकते म्हणे. अन् त्याच टोलीतल्या रक्षाले तं दिवसाच पायजे होती, काऊन का रात्री कुत्रे अन् भजनाचा भोंगा, रेकॉर्डिंग होईनच कसं?

रक्षा सरकारी रेडिओच्या ऑनलाइन पेजवर गोष्टी टाके. रेडिओवाल्या मेघाताईनंच तिले शिकवलं, फोन कसा धरावा, आपण कुठं चूप राहावं. रोहण्याचे पोट्टे ऐकत. कारंज्याची एक पोरगी खाली लिहे, "आमच्याकडं हे गाणं वेगळं म्हणतात, थांब, मी पाठवतो." रक्षा तं हवेतच!

ती म्हाताऱ्याच्या मांगंच लागली.

"आबाजी, माहा मामा ट्रक चालवते. त्याच्या फोनात नकाशा हाये. तो काऊन चुकन?"

"नकाशाले काय समजते वं माय, वाट?" म्हातारा हासला. पण बसला. भर दुपारी बाजेवर बसून अस्वलाच्या लग्नाची अख्खी गोष्ट सांगतली, गाण्यासकट.

फोनातली जागा नेहमीच फुल राहे. गोष्ट पेजवर चढली तशी रक्षानं फोनातून पुसून टाकली. दरवेळी तसंच करे. सरकारचं पेज हाये, जाते कुठं?

दिवाळीनंतर डोमाजीले लकवा मारला. वाचाच गेली. रक्षा म्हणे, त्याले त्याचीच गोष्ट ऐकवतो. गेली, टोलीतले पोट्टे गोळा झाले, अन् पेज उघडेच ना! तिनं मेघाताईले फोन लावला.

"पेज बंद केलं वं, वरून. मलेबी फोनवरच सांगतलं, उद्यापासून येऊ नको."

"अन् गोष्टी?"

"लय विचारलं. कोणालेच माहीत नाई."

"ताई, आबाजीची तं तुमच्याकडं असन ना?"

"नाई ना. काऊन, तुह्याकडं नाई?"

रक्षानं फोन कानावरून काढून डोमाजीच्या बाजेवर ठेवला.

डोमाजीनं चांगला हात उचलला, सडकेकडं केला अन् भुवया वर केल्या. तिले समजलं.

"आला, आबाजी. मामा बरोबर घरी आला."

त्याचं अर्धं तोंड हासलं. मंग त्यानं तोच हात फोनवर ठेवला, अन् फोन तिच्याकडं सरकवला.

"लाव ना वं ताई," पोट्टे म्हणाले.