राखेच्या चढावरची अदलाबदल

बायकोला अवघड गोष्ट सांगायची तर शहाणी माणसं संध्याकाळच्या चहाची वेळ बघतात, फार तर बागेतला एखादा बाक. वाफकाकांनी त्यासाठी ज्वालामुखीचं बेट गाठलं. म्हणजे बेट शोधलं लेकीनं आणि जीपच्या सहलीची तिकिटंही तिनंच काढली. काकांनी फक्त मान डोलावली, आणि मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

वाफकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा-बायकोचं ड्रायक्लीनचं दुकान होतं. आत वाफेच्या इस्त्रीवर काका, बाहेर काउंटरवर काकू. गिऱ्हाइकांना काका दिसायचे ते वाफेच्या ढगातूनच, म्हणून पडलं ते नाव. काकू मात्र सगळ्यांना स्वच्छ दिसत आणि सगळे काकूंना. त्या माणसं ओळखत ती डागांवरून. शाईवाले वकील, कॉफीवाली बाई, कोपर घासणारे मास्तर. कुणाचं पोट सुटलं आणि कुणाच्या घरात धुसफूस चालली आहे, हे कपड्यांवरून काकूंना सर्वांच्या आधी कळायचं. काउंटरमागे उभ्या राहिल्या की त्या घरच्यापेक्षा वीतभर उंच दिसत, असं लेक म्हणायची, आणि ते खरंच होतं.

सांगायची गोष्ट एवढीच होती की ते दुकान आता सुटलं होतं. उभं राहून राहून काकांच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उभ्याचं काम बंद करा. हे काकूंना माहीत होतं. त्यांनी त्याच दिवशी एक उंच स्टूल आणून इस्त्रीपाशी ठेवलं आणि त्यांच्या लेखी विषय मिटला. मग एकदा जिन्यात घरमालक भेटला. त्याला जागा परत हवी होती. सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "घ्या." एक शब्द. तोंडातून सुटलेला शब्द काही हॅंगरला लावून परत आत ठेवता येत नाही. सोमवारी दारावर 'दुकान बंद'ची पाटी लागणार होती, आणि रविवारी रात्री हे दोघं घरी पोचणार होते. म्हणजे हातात होता तो आजचाच दिवस.

"बाबा, तिला तिथंच सांगा," लेक म्हणाली होती. "घरी सांगाल तर ती काउंटरला चिकटून बसेल."

काकांना भांडणाची भीती नव्हती. भांडणात काकू पटाईत होत्या आणि काकांना हरण्याची सवय होती. त्यांना भीती होती ती काकू काहीच बोलल्या नाहीत तर, याची.

सकाळी सहलवाल्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना एकसारखी नारिंगी जाकिटं मिळाली. सगळी एकाच मापाची, म्हणजे कुणाच्याच मापाची नसलेली. नाकातोंडाला बांधायला पिवळे रुमाल, हातमोजे आणि डोळ्यांना मोठे काळे चष्मे. राख उडते, गाइड म्हणाला. जाकिटात वारा शिरला की जो तो कापूस भरलेल्या गादीसारखा दिसे. काकांनी वाऱ्याच्या धास्तीनं वर कानात कापसाचे बोळेही घातले. गाड्या दोन होत्या. पुढच्या गाडीत मागल्या बाकावर काका-काकू आणि गाडी हाकायला खुद्द गाइड. मागच्या गाडीत एक अगडबंब बँकवाला, एक बाई आणि त्यांचा ड्रायव्हर.

दुपारपर्यंत काकांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. पहिल्यांदा काळ्या खडीच्या माळावर गाडी अशी उडाली की शब्दाऐवजी जीभच दाताखाली आली. दुसऱ्यांदा गाइडनं लाव्हाच्या थिजलेल्या नदीची माहिती सुरू केली. तिसऱ्यांदा जमिनीच्या भेगांतून वाफ निघत होती तिथं सगळे उतरले. सडक्या अंड्यांचा वास, पायाखाली गरम माती. काकूंनी वाफेवर हात धरून बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "अहो, इथं दुकान टाकलं असतं तर वाफ फुकट पडली असती. घरी गेल्यावर आधी आपला बॉयलर साफ करून घेऊ." काका हो म्हणाले. आणि हो म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

जेवणाचा थांबा एका पत्र्याच्या छपराखाली होता. पुढे राखेचा खडा चढ. जेवण उरकताच काका छपरामागे गेले आणि भिंतीला तोंड करून आपली वाक्यं घोकत उभे राहिले. "अगं, रागावू नकोस. हे बघ, असं आहे की..." भिंत रागावली नाही. तेवढ्यात इकडे गाइडनं सगळ्यांना जवळ बोलावलं. राखेच्या चढावर गाड्यांत वजन सारखं वाटून बसवायचं, हा तिथला शिरस्ता. नाहीतर जड गाडीची चाकं रुततात. त्यानं नजरेनंच माणसं तोलली आणि मागच्या गाडीतल्या बाईंना पुढे आणि काकूंना मागे, बँकवाल्याशेजारी, बसवलं. चढ उतरला की पुन्हा जो तो आपल्या जागी.

काका परतले तेव्हा सगळे गाड्यांत बसले होते, रुमाल, चष्मे चढवून. मागच्या गाडीतून एक नारिंगी जाकीट दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होतं. काय मनमिळाऊ लोक आहेत, असं मनात म्हणत काकांनीही हात हलवला आणि ते आपल्या गाडीत चढले. बाकावर जागा जरा कमी पडली. जेवण अंमळ जास्त झालेलं दिसतंय हिचं, काकांना वाटलं.

गाडी चढाला लागली आणि इंजिन बोंबलू लागलं. इकडे तिकडे बघायची सोय नाही, तोंडं झाकलेली. याहून बरी वेळ कुठली मिळणार? काकांनी डोळे समोर ठेवले आणि सुरुवात केली.

"अगं, रागावू नकोस. मी दुकान सोडलंय."

बाजूच्या जाकिटानं त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी बोलल्यासारखंही वाटलं, पण कानात बोळे होते आणि काकांना आता थांबायचं नव्हतं. आवाज चढवून ते बोलत राहिले. पायांच्या शिरा, रात्री येणारे गोळे, जिन्यातला घरमालक, सोमवारची पाटी, सगळं. "तुला विचारायला हवं होतं," ते ओरडले. "तुझ्या तोंडाकडे बघून मला कधी धीरच झाला नाही."

बाजूची मान हलली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

काका चक्रावले. केराच्या डब्याचा रंग कुठला असावा यावर आठवडाभर वाद घालणारी बाई, दुकान जातंय म्हटल्यावर मान डोलावते? की ऐकूच गेलं नाही?

"रागावलीस का?"

मान हलली.

"म्हणजे रागावली नाहीस ना?"

मान तशीच हलली.

आता याचा अर्थ काय लावायचा? रस्ता खड्ड्यांचा होता आणि त्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाचीच मान हलत होती, खुद्द काकांचीसुद्धा. हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. इतक्यात तिनं हातमोजा काढला आणि काकांचा हात हातात घेतला, मनगटापाशी, बोटं रुतवून. काकूंनी असा हात कधी धरला होता ते काकांना आठवेना. त्यांना एकदम भरून आलं. आणि त्याच्याच पाठोपाठ कुठंतरी वाईटही वाटलं. इतक्या सहज मानलंस? थोडी तरी भांडली असतीस. जन्मभराच्या दुकानासाठी एवढंच? हलकं वाटावं की जड, हेच त्यांना कळेनासं झालं. गाडी माथ्यावर पोचली, गाइडनं विवराचं भलंमोठं लाल तोंड दाखवलं, पण काकांनी ते बघितलंच नाही.

पलीकडच्या उतारानं गाडी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आली आणि सगळे उतरले. बाजूच्या बाईनं चष्मा काढला, रुमाल सोडला. आतून निघाला तो एक गोल, परका, काळजीनं भरलेला चेहरा.

काकांच्या पायांखालची वाळू सरकली. त्यांनी कानातले बोळे काढले.

"मी नर्स आहे," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. इथल्या वासानं काही जणांना भ्रम होतो. तुमची नाडी जरा जलद आहे."

"माझी बायको कुठाय?"

"मागच्या गाडीत. चढापुरतं बदललं ना! दोनदा सांगितलं मी तुम्हाला. तुम्ही थांबायलाच तयार नाही. म्हटलं, बोलू दे. मोकळं होतं माणूस."

काकांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं धैर्य गोळा केलं, आणि ते खर्ची पडलं भलत्याच खात्यावर. तोवर मागची गाडी आली. काकू उतरल्या त्या नाचतच. "अहो, कितीदा हात हलवला तुम्हाला! आणि त्या बँकवाल्यांचा जाकिटाखालचा सदरा बघितलात? कॉलरवर तेलाचा हा एवढा डाग. मी म्हटलं, पाठवा आमच्याकडे, नाही काढला तर नाव बदलीन." बेटावर येऊन काकूंनी गिऱ्हाईक मिळवलं होतं.

"चहा आणतो," काका म्हणाले. चहा आणता आणता काय ते ठरवू, आणि हातात कप देता देता सांगून टाकू, असा बेत. चहाच्या टपरीपाशी त्यांनी पुन्हा वाक्यं घोकली, पण या खेपेस ती सगळी वापरून झालेली, दुसऱ्याची वाटली.

दोन कप घेऊन ते परतले तर नर्सबाई काकूंपाशी उभ्या होत्या, आणि बोलत होत्या. मोठ्या मायेनं बोलत होत्या, हेच तर वाईट.

"दुकान सोडताय ते उत्तम केलंत. या शिरांना दुसरा इलाज नाही, मी किती बघितलेत. सोमवारपासूनच ना?"

काका जागच्या जागी थिजले. काकूंनी नर्सबाईंकडे बघितलं, मग काकांकडे.

"हो," काकू म्हणाल्या. "सोमवारपासूनच. ठरलंय आमचं. दोघांनी मिळून ठरवलं."

आणि त्यांनी काकांच्या हातातला कप घेतला, नर्सबाईंना दिला, दुसरा स्वतः घेतला आणि फुंकर घातली.

काकांना काही म्हणजे काही उमजेना. ही रागावली आहे, की परक्यापुढे झाकून नेतेय? की खरंच पटलंय? दोघांनी मिळून, असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज अगदी काउंटरवरचा होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, नीट घडी घातलेला. ते तिच्या आसपास घुटमळत राहिले. तिनं समुद्र बघितला, वाळू मुठीत घेऊन बघितली, बँकवाल्याला त्याचा फोटो काढून दिला. काकांकडे बघणं तेवढं राहिलं.

परतीचा रस्ता सपाट होता. जो तो आपल्या जागी बसला. काकूंनी रुमाल बांधला नाही, चष्माही लावला नाही. धूळ उडून भुवयांवर बसत होती ती बसू दिली. नर्सबाईंची गाडी मागे पडून वळणाआड गेली, तेव्हा त्या बोलल्या.

"घरमालकाला कधी सांगितलंत?"

"महिना झाला."

"आणि लेकीला?"

"त्याच आठवड्यात."

"म्हणजे ही सहल..."

"ती म्हणाली, इथं तुझं मन जरा रमलेलं असेल."

"रमलं होतं," काकू म्हणाल्या. "मग त्या नर्सबाई."

"ते चुकून, अगं! शप्पथ. मला वाटलं तूच आहेस."

"ते कळलं मला. मग मी कितवी?"

काकांनी मनातल्या मनात मोजलं. मोजावं लागलं, हेच त्यांना सहन होईना. "चौथी," ते म्हणाले.

गाडीचा वेग कमी झाला. पुढे गाइडनं मान वळवली नाही, पण कान लाल झालेले मागून दिसत होते. "काकू," तो चाचरत म्हणाला, "चढावर काका फार मोठ्यानं बोलत होते. मलाही ऐकू आलं."

"पाचवी, मग," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. "ऐक ना. आता सांगतो तुला सगळं. नीट सांगतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर काकांनी तो आनंदानं झेलला असता. मग त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी गाइडच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही सांगा हो," त्या म्हणाल्या. "काय काय म्हणाले ते? अगदी पहिल्यापासून सांगा."

गाइडनं आरशातून काकांकडे बघितलं. काकांनी खाली बघितलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगायला सुरुवात केली.