डाव्या हातचा मळ

धाकट्याच्या सिनेमात सहा माणसं मरतात आणि त्यातली दोन मेल्यावरही श्वास घेतात. ताईने त्याला हे पहिल्याच दिवशी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. "असू दे गं," तो म्हणाला, "लोक रक्त बघतील, पोट कोण बघतंय?" रक्ताचंही काही खरं नव्हतं. साखरेच्या पाकात लाल रंग कालवलेला. त्याला मुंग्या लागल्या आणि एका प्रेताने ऐन मरणात मांडी खाजवली. चाकू रबरी होता. भिंतीला टेकला की बिचारा लाजून वाकायचा.

ताईचं पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांच्या लग्नांचे आणि वाढदिवसांचे व्हिडिओ कापून, जोडून, गाणी लावून देणं. भावाचा सिनेमा घरचं कार्य म्हणून तिच्या गळ्यात पडला होता. नाव 'गोदामात कोणी नाही'. एक मुखवटेवाला खुनी रिकाम्या गोदामात एकेकाला गाठतो आणि भोसकतो, बस्स, एवढीच गोष्ट. अशा सिनेमांना स्लॅशर म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकणारे लोक असतात, हे धाकट्याने आईला किती वेळा समजावलं असेल. आईचं म्हणणं एकच, माझा उशीचा अभ्रा परत दे. कारण मुखवटा म्हणजे तिचाच अभ्रा होता, डोळ्यांपुरती भोकं पाडलेला. फुलं दिसू नयेत म्हणून उलटा घातलेला, तरी एका ठिकाणी दिसतातच.

अभ्र्याची सोय अशी की आत कोणीही चालतं. खुनी म्हणून धाकट्याचा व्यायामशाळेतला मित्र ठरला होता. त्याला मध्येच नोकरी लागली आणि खून करायला सुट्टी मिळेना. मग जो मोकळा सापडेल त्याच्या डोक्यात अभ्रा. त्यामुळे खुनी खोलीत शिरताना ताडमाड असायचा आणि बाहेर पडताना ठेंगणा. एका खुनाला तर खुद्द ताईच होती, पायात स्वतःच्या चपला घालून.

आणि एका प्रसंगात बाबा होते. बाबा म्हणजे निवृत्त पोस्टमन. सगळ्यांसाठी डबे घेऊन ते गोदामावर आले आणि धाकट्याने विचारलं, "बाबा, घालता का?" ते हो म्हणतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. गेलं वर्षभर त्यांचा चेहरा कसा बंद झाल्यासारखा होता. विनोद केला तरी ओठ हलायचे नाहीत. धाकट्याने नोकरी सोडून हे खूळ डोक्यात घेतलं, त्याचा राग धरून बसलेत, असं घरात सगळे धरून चालले होते. पण त्यांनी मुकाट्याने अभ्रा घातला. "काय करू?" "काही नाही, त्या टोकापासून इकडे साधं चालत या." बाबा चालत आले. उजेड जात होता, म्हणून धाकट्याने दुसऱ्यांदा घेतलंही नाही.

ताईने तो तुकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा भरदुपारी तिच्या अंगावर काटा आला. लांबलचक बोळ, समोरून येणारा अभ्रा, उजव्या हातात चाकू. उजवा हात चालीबरोबर हलतोय आणि डावा अंगाशी नुसता लोंबकळतोय, कोपरात किंचित वाकलेला. त्या हातात असं काहीतरी होतं की बघणाऱ्याने मागे सरकावं. बाकीच्या सगळ्या सिनेमात मिळून एवढी भीती नव्हती.

तिला तेव्हा भावाच्या वेडाचा अर्थ थोडासा कळला. मोठ्या सिनेमात भीती तयार करून ताटात वाढलेली असते. कुठे दचकायचं ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं आणि आपण तिथेच दचकतो. या घरगुती कारभारात मुद्दाम काय केलंय आणि आपोआप काय झालंय, हेच कळत नाही. हसता हसता एखाद्या जागी माणूस गप्प होतो आणि का ते त्याला सांगता येत नाही.

मग पावलांचे आवाज बसवायची वेळ आली. पाऊल पडेल तिथे आवाज, असं करत ती तोच तुकडा पुढेमागे करत राहिली. डावं पाऊल नीट पडत नव्हतं, घासत होतं. तिने तेवढ्यापुरता वेग कमी केला आणि परत पाहिलं.

बाबांच्या शेजारून चालायची लहानपणी तिला भीती वाटायची. दोन्ही हात असे झोकात हलायचे की पोरांना फटका बसायचाच. "बाजूला व्हा, टपाल येतंय," असं आई म्हणायची. ताईने जुन्या कामांतून मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला. तोही तिनेच जोडला होता. त्यात बाबा मांडवातून येत होते, दोन्ही हात झोकात. तिने दोन्ही तुकडे पडद्यावर शेजारीशेजारी लावले. एकात चेहरा होता, एकात नव्हता. चेहरा असता तर आपण चेहराच बघत बसलो असतो, हे तिला कळलं आणि तिने पडदा बंद केला.

संध्याकाळी बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, चालताना तो डावा हात तुम्ही मुद्दाम तसा ठेवला होतात का?"

"कोणता हात?"

"अगं, मुद्दाम नाहीतर काय!" धाकटा आतून धावतच आला. "तोच तर कहर आहे. बाबा, तो हात तुम्हाला सुचला कसा? आख्खा सिनेमा तुम्ही त्या एका हाताने खाल्लात."

बाबांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "मग, वाटलं काय तुम्हाला?" ते म्हणाले. "अभिनय म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ."

धाकटा खो खो हसला, आई स्वयंपाकघरातून हसली. बाबांचा चेहरा हसला नाही, पण आवाज हसला. ताईला हायसं वाटलं. वाटून घ्यायचंच होतं तिला. ते समाधान सकाळपर्यंत टिकलं. सकाळी बाबा शर्टाचं बटण लावत होते, एकट्या उजव्या हाताने, आणि कुणी बघू नये म्हणून दाराकडे पाठ करून.

"डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" तिने विचारलं.

"कशाला? मी ठणठणीत आहे. आधी तुमचा सिनेमा होऊ दे."

सिनेमा वाचनालयाच्या सभागृहात दाखवला. मित्र, मित्रांचे मित्र आणि अशा सिनेमांचे ते खरे शौकीन, सगळे मिळून हॉल भरला होता. ताई बाबांच्या शेजारी बसली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. लोकांनी चाकू वाकल्यावर टाळ्या पिटल्या. प्रेताने मांडी खाजवली तेव्हा शिट्ट्या. अभ्र्यावरची फुलं कुणीतरी मोठ्याने मोजली. धाकटा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता, पण चिडवणाऱ्यांचा आवाज प्रेमाचा होता.

मग तो बोळ आला आणि हॉल गप्प झाला. मागच्या रांगेतली एक मुलगी कुजबुजली, "तो हात बघ, तो हात." ताईला पडद्याकडे बघवेना. तिने खाली पाहिलं. बाबांचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटावर घासत होता, पत्रांचा गठ्ठा मोजत असावा तसा. बाबा मात्र समोर बघत होते. हाताचं काय चाललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खेळ संपल्यावर लोकांनी बाबांना डोक्यावर घेतलं. काका, एकदा चालून दाखवा. बाबांनी खुर्च्यांमधून चालून दाखवलं, टाळ्या पडल्या. "जमतं कसं हो?" कुणीतरी विचारलं. "सराव," बाबा म्हणाले. इतक्या लोकांनी त्यांचं कौतुक कधी केलं नव्हतं. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या हातातल्या पत्राकडेच पाहिलं होतं. ताईला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

तिने धाकट्याला जिन्यात गाठलं. तो हवेत होता. "दुसरा भाग करायचा, ताई. खुनी पूर्ण वेळ बाबाच."

"उद्या मी बाबांना डॉक्टरकडे नेतेय. त्यांचा डावा हात हलत नाहीये."

"अगं, तो अभिनय आहे."

"तू त्यांना हात तसा ठेवायला सांगितलं होतंस?"

"नाही, मी कशाला…" तो बोलता बोलता थांबला. खालच्या पायरीवर बसला. "मी म्हणालो होतो, साधं चाला," तो हळू म्हणाला. "तेवढंच म्हणालो होतो मी."

वरून बाबांच्या कौतुकाचा गलका अजून ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं त्यांना घेऊन गेली. वयाप्रमाणे एकदा तपासून घेऊ, असं सांगून. बाबांनी कुरकुर केली नाही, याचीच ताईला जास्त धास्ती वाटली. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. बोटं उघडा, मिटा, अंगठ्याला तर्जनी लावा, असं करवून घेत होत्या. उजव्या हाताने पटापट केलं. डावा मागे पडला, तेव्हा बाबा म्हणाले, "रात्री त्या हातावर झोपलो होतो."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता त्या दारापर्यंत चालून दाखवा आणि परत या."

बाबा उभे राहिले. त्यांनी कॉलर नीट केली आणि ताईकडे पाहिलं. "सिनेमातल्यासारखं, की साधं?"

धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं.

"साधं, बाबा," ताई म्हणाली. "आपण घरी चालतो तसं."

बाबा निघाले. मान ताठ, जुन्या टपालाच्या ऐटीत. उजवा हात त्यांनी असा जोरात हलवला की वाटेतल्या खुर्चीला लागला. डावा अंगाशी लोंबकळत होता, कोपरात किंचित वाकलेला. दारापाशी वळताना त्यांनी बारीक बारीक बरीच पावलं टाकली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ताईने हा तुकडा इतक्या वेळा पाहिला होता की पुढचं पाऊल कुठे घासणार ते तिला आधीच ठाऊक होतं, आणि ते तिथेच घासलं.

बाबा परत येऊन तिच्यासमोर थांबले. त्यांना थोडा दम लागला होता.

"जमलं ना?" त्यांनी विचारलं. "या वेळी दोन्ही हात हलवले मी."