मागची बाजू फक्त मला दिसत होती

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, इंग्लंडातल्या लिंकन गावच्या सुताराने तासलेलं, ओकच्या लाकडाचं. पण माझ्यावर कधी कोणी जेवलं नाही. मास्तर अँब्रोझ थर्लबींनी पहिल्या दिवसापासून मला कागदांखाली गाडून टाकलं.

मास्तरांना इंग्रजीचा कोश करायचा होता. अवघड शब्दांचे छोटे कोश तेव्हा होते. यांना पाव, पाऊस, दार हेही शब्द हवे होते. "उद्या श्वास कसा घ्यायचा तेही लिहा, मास्तर!" असं शेजारी चिडवत. मास्तर हसत. पुढे त्यांचं हसणं आटलं, कारण डोळ्यांवर पडदा उतरू लागला होता. नजर जायच्या आत कोश पुरा करायचा, एवढाच त्यांना ध्यास लागला.

शब्द कसा वापरतात ते दाखवणाऱ्या वाक्यांखाली ते उसन्या पुस्तकांत शिसपेन्सिलीने रेघा मारत. लेखनिक पेगलर ती वाक्यं मोठ्या कागदांवर उतरवी, रेघा पुसी आणि पुस्तकं परत देई. कागद महाग, म्हणून पेगलर दोन्ही बाजू भरी. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पुढे आई आजारी पडली म्हणून तो यॉर्कला गेला.

मास्तरांना धीर कुठला! त्यांनी बहिणीला, डॉर्कसताईंना, एकेक वाक्य सुटं कापायला कात्री दिली. ताईंना वाचता येत नव्हतं. पेगलरने प्रत्येक वाक्याआधी कोशातल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढलेलं असे; त्याचा आकार पाहून त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावत.

"दादा, मागेपण शाई दिसतेय."

"पातळ कागद आहे गं. फुटली असेल. काप तू!"

कात्री चालू लागली. मागची वाक्यं मधोमध तुटत होती, आणि ती खालून फक्त मला दिसत होती. मला फार भीती वाटली, पण लाकडाला कुठली वाचा? मग चिठ्ठ्या खळ लावून जाड कागदांवर चिकटवल्या गेल्या. त्या दिवशी मास्तर किती खुशीत होते! मला ते बघवेना.

पेगलर परतला. पानं चाळता चाळता त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, मागची बाजू?"

"कसली मागची बाजू?"

ताईंनी एक चिठ्ठी कोमट पाण्याने सोडवली. मागे शाईचा नुसता चिखल निघाला.

"निम्मा कोश गेला, मास्तर," पेगलर रडवेला झाला. "पुन्हा पुस्तकं आणू. मी आणतो."

"आण. मीच वाचीन. कुठलं वाक्य घ्यायचं ते तुला नाही कळायचं."

मित्रांनो, कोणाच्याही कष्टांवर कात्री चालवण्याआधी कागद उलटून बघा, आणि शंका घेणाऱ्याला गप्प करू नका. मला बोलता आलं असतं, तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

पेगलर पुस्तकांचं गाठोडं घेऊन आला तेव्हा भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट माझ्यावर पडलं होतं. मास्तरांनी पहिलं पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं, आणि चिडून म्हणाले, "डॉर्कस, दिवा लाव ना गं!"