बोटभर तेल

सुरेखाने फुगलेलं सील इंद्रजीतच्या टेबलावर आपटलं. रबराचं ते कडं दोनदा उडालं आणि त्याच्या चहाच्या कपाला टेकून थांबलं.

"हे रात्रभर तेलात ठेवलं होतं. बघा काय झालंय त्याचं."

इंद्रजीतने बघितलं नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतला हा छोटा कारखाना त्याचा, आणि माल तपासायचं काम सुरेखाचं. इथली सीलं एका अंतराळयानाच्या झडपांत बसली होती. ते यान तीन माणसं घेऊन वर फिरत होतं आणि उद्या परतायचं होतं. पण त्याला वळवणाऱ्या एका नळीतून इंधन झिरपायला लागलं, म्हणून यानाच्या कंपनीने सगळ्या पुरवठादारांना विचारलं होतं, तुमच्या मालात काही कमीजास्त झालं होतं का? इंद्रजीतने सकाळीच कळवून टाकलं, काही नाही.

काही नाही! सुरेखाच्या अंगाचा तिळपापड झाला. खंडेनवमीला इंद्रजीतच्या आईने, दगडाबाईंनी, यंत्रांबरोबर तयार सीलांच्या ताटाचीही पूजा केली होती. कुंकू टिकावं म्हणून तेलात कालवलं आणि एकेका सीलाला बोट लावलं. हे रबर तेलाने फुगतं, हे त्या माउलीला कुठून माहीत असणार? सुरेखाने त्याच दिवशी ते ताट बाजूला काढलं होतं आणि इंद्रजीत 'टाकून देतो' म्हणाला होता. काल पॅकिंगचे निजामुद्दीनभाई सहज बोलून गेले, "वो माल तो पोंछ के भेज दिये ना, मॅडम. साहब बोले थे."

पुसून पाठवला! जेवणाचं ताट होतं का ते, फडकं मारलं की झालं?

"एवढंसं तेल," इंद्रजीत म्हणाला. "गळती दुसऱ्याच कशानं झाली असेल."

"असेल. मग सांगायला काय जातं? परतताना ते दुसऱ्या बाजूच्या नळ्या वापरतील. तिथली सीलं आपली नाहीत."

"आणि उद्या सगळे म्हणतील, यांच्या पूजेनं यान पाडलं. कारखाना बंद पडेल, ताई. आईला कळलं तर ती अन्न सोडेल. निदान तिचा तरी विचार करा."

स्वतःची कातडी वाचवायला हा आईचा पदर पुढं करतोय, याची सुरेखाला चीड आली.

"पूजेनं नाही, साहेब. तुमच्या फडक्यानं."

"मी कायला अन्न सोडू?"

दारात दगडाबाई उभ्या होत्या, हातात लेकाचा डबा. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे.

"आई, तू घरी जा."

"जाते. आदी फोन लाव. तेल मी लावलंय, मीच सांगते."

इंद्रजीत जागचा हलला नाही. शेवटी सुरेखाने आपल्याच मोबाईलवरून लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे यानाच्या कंपनीतला शिवराज होता. मालाबद्दल तिचं नेहमी त्याच्याशीच बोलणं व्हायचं. दगडाबाईंनी त्याला ताट, कुंकू, तेलाचं बोट, सगळं काही न लपवता सांगितलं.

शिवराजने ते भराभर लिहून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं बोललात, मावशी. इथं बैठक चालूच आहे. साहेब लोक ठरवतील."

"अन् यानातल्या तिघांला सांगितलं का, नळी गळती म्हणून?"

तो चाचरला. "त्यांना आत्ताच घाबरवायचं नाही, असं ठरलंय."

"जीव त्यांचा, अन् ठरवता तुमी?" दगडाबाईंचा आवाज चढला. "तुमच्या आईला दवाखान्यात नेलं अन् दुखणं तिलाच सांगितलं नाय, तर चालंल का रं?"

सुरेखा फोनकडे बघत राहिली. सकाळपासून तिला वाटत होतं, अळीमिळी गुपचिळी काय ती या टेबलापुरतीच आहे.

"मावशी, माझ्या हातात नाही ते."

"तोंड तर हाय ना? जा, सांगून ये. मी हितंच बसते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दगडाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. बाहेर यंत्रं चालू होती. इंद्रजीतने ते फुगलेलं सील उचललं, दोन बोटांत दाबून बघितलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. चहा गार होऊन गेला.

शिवराज परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"सांगितलं. बैठकीत भांडणं झाली, पण सांगितलं. आता यानातले तिघंच वरून विचारतायत, तेल कोणतं होतं आणि नंतर सीलांचं काय केलं?"

दगडाबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच इंद्रजीत फोनवर वाकला.

"करडईचं," तो म्हणाला. "घाण्यावरचं. टाकून द्यायचं ठरलं होतं, अन् पुसून मीच पाठवली."