झाकणवाल्याची बाग

पुंडलिकच्या बोईसरच्या गाळ्यात दोन यंत्रं होती आणि दोन्हींवर औषधांच्या पिंपांची झाकणं निघत. झाकणाला झाड लागत नाही. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राला मात्र लागतं, हे त्याला नूतनीकरणाच्या वेळी समजलं. आवारात तीस झाडं दाखवा, नाहीतर यंत्रं बंद. पलीकडच्या मोठ्या कंपनीकडे हिरवळ होती, वर माळी होता. पुंडलिककडे मोकळी जागा म्हणाल तर दारापुढे टेम्पो लागतो तेवढीच.

तो दातिवऱ्याला नलूकाकीच्या वाडीत गेला. काकी चिकूची कलमं विकायची. याला ती भाड्याने हवी होती, एका दिवसापुरती.

"लग्नाला खुर्च्या नेतात तशी?"

"तशीच, काकी. पाहणी झाली की परत."

"ने बापडा. माझं काय जातंय."

पाहणीच्या दिवशी टेम्पोच्या जागेत तीस कुंड्या खेटून उभ्या राहिल्या. मंडळाचे साहेब कुंड्यांवरून अडवणार, म्हणून पुंडलिकने चार सबबी पाठ केल्या होत्या. त्यांतली एकही लागली नाही.

"लहान भूखंडाला कुंडी चालते," साहेब म्हणाले. "नवं परिपत्रक आहे." मग त्यांनी प्रत्येक कलमाला नंबराचा पत्रा बांधला आणि फोटो काढला. "दर तीन महिन्यांनी हीच झाडं, याच जागी, नंबरासकट दिसली पाहिजेत. एक हललं तरी संमती गेली."

संध्याकाळी काकी कलमं न्यायला आली. पत्रे वाचून म्हणाली, "बारसंच उरकलंस की रे."

"विकत देता का?"

"तवा इकत मागितली असतीस तर दिली असती. आता भाडं बरं हाय."

संमतीपत्र आलं, पुंडलिकने ते चौकटीत लावलं. टेम्पो मात्र दाराशी येईना. रस्त्यावर उभं राहायला टेम्पोवाला तयार नव्हता. तो निम्मा माल उचले आणि पळे. उरलेल्या झाकणांच्या थप्प्या आत छताला टेकल्या. माणसांना वावरायलाही वाट उरली नाही, तेव्हा पुंडलिकने एक यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलं आणि भंगारात काढलं. मंडळाच्या कार्यालयाला त्यासाठी साधी नोटीसही पाठवावी लागली नाही.

उलट साहेब इतर कारखानदारांना आदर्श आवार दाखवायला घेऊन आले. ते निघताना एकेक जण पुंडलिकला बाजूला घेऊन काकीचा फोन नंबर मागत होता.

शनिवारी काकी पाणी घालायला आली. यंत्राच्या रिकाम्या जागेपाशी जरा थांबली.

"हितं सावली चांगली हाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात कलमं आत घेशील ना?"