सतरा भाषांची पाटी

मी पाटी बोलतेय. कसली पाटी, हे मात्र लगेच विचारू नका. सगळा घोळ तिथेच आहे. माझ्या अंगावर सतरा ओळी आहेत, सतरा भाषांतल्या, आणि सतराही ओळींत एकाच गोष्टीचं नाव लिहिलंय असं मला बावीस वर्षं सांगण्यात आलं. ती गोष्ट म्हणजे बँक. आता त्यातली एक ओळ भलतीच निघाली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझ्यावर लिहिलेलं मला वाचता येत नाही, हे आधीच कबूल करते. हसू नका. तुम्हाला तरी स्वतःच्या कपाळावरचं कुठे वाचता येतं?

जन्माने मी पाटी नव्हेच. बँकेच्या मागच्या खोलीत जुन्या रजिस्टरांचं एक कपाट होतं, त्याचं मी डावं दार. कुलूप मला होतं, त्यामुळे उजव्या दारापुढे माझी जरा ऐट असायची. कपाटाला वाळवी लागली, उजवं दार गेलं, फळ्या गेल्या, मी तेवढी वाचले. मग कितीतरी दिवस झाडू आणि फुटक्या बादलीच्या सोबतीने भिंतीला टेकून उभी होते. कुलपाचं भोक अजून माझ्या मधोमध आहे. मुलं त्यात बोट घालून बघतात.

मला तिथून बाहेर काढलं मामांनी. मामा म्हणजे बँकेच्या दारावरचे पहारेकरी. त्यांना सगळेच मामा म्हणत, मोठे साहेबसुद्धा. आमची बँक बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. तिची खरी पाटी वर झाडाच्या फांद्यांत गुडुप झालेली, आणि शेजारच्या दवाखान्याला मात्र पुढे चार भारदस्त खांब. त्यामुळे जहाजांवरून उतरलेली परदेशी माणसं कागदपत्रं घेऊन सरळ दवाखान्यात शिरायची. तिथला कंपाउंडर वैतागायचा.

"मामा, तुमचं माणूस आलंय बघा," तो रोज ओरडायचा. "मी त्याला जीभ दाखव म्हटलं, त्याने पासबुक दाखवलं!"

एक दिवस एका जहाजावरचा आचारी असाच दवाखान्यातून परत आला. भाषा स्पॅनिश. मामांनी दाराकडे बोट केलं, भुवया उंचावल्या आणि हाताने विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात? आचारी म्हणाला, "बांको." मग मामा ज्या बाकावर बसायचे त्या बाकावर थाप मारून तो पुन्हा म्हणाला, "बांको." आणि हसत सुटला. मामांना वाटलं, याला काही कळलेलं नाही. त्यांनी बँकेची भिंत थोपटली. तो म्हणाला बांको. बाक थोपटला. बांको. शेवटी मामांनीच हात टेकले.

त्याच दिवशी त्यांनी मला पुसून बाहेर आणलं. खिडकीच्या गजांना मारून उरलेला हिरवा रंग होता, तो आणला आणि आचाऱ्याच्या हातात ब्रश दिला. त्याने पहिला शब्द लिहिला. शेवटच्या अक्षराचा गोल काढताना त्याने माझ्या कुलपाच्या भोकाभोवतीच ब्रश फिरवला. मला गुदगुल्या झाल्या. पण आपण आता बँक आहोत की बाक, हे काही उमजलं नाही.

तेव्हापासून मामांची रीत ठरली. आपल्या घरी लहानपणापासून जो शब्द बोललात तोच लिहायचा, स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. विचारायची पद्धतही तीच: दाराकडे बोट, उंचावलेल्या भुवया.

ओळी वाढत गेल्या तसा माझा गोंधळ वाढला. एका पिकल्या मिशांच्या ग्रीक खलाशाने 'त्रापेझा' लिहिलं आणि हवेत हात फिरवून चार पाय काढून दाखवले. म्हणजे टेबल! एका चिनी व्यापाऱ्याने दोन चिन्हं काढली. पहिलं काढून बोटातली अंगठी दाखवली, दुसरं काढून समोरच्या दुकानांच्या रांगेकडे हात केला. चांदीची पेढी, असं मामांनी ताडलं. एका उंच, अबोल फिनिश माणसाने 'पंक्की' लिहिलं. मामांना वाटलं, 'ब'चा चुकून 'प' झाला असावा. त्यांनी त्याला खुणेने तसं सुचवलं, तर तो इतका गंभीर झाला की मामांनी पुढे तो विषयच काढला नाही. स्वाहिली बोलणाऱ्या एका फिटरने 'बेन्की' लिहिलं. अरबी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी 'मसरफ' लिहून एका हातातलं नाणं दुसऱ्या हातात घेऊन दाखवलं. अदलाबदलीची जागा.

आणि एक थाई नर्स आली. तिने आधी तोंडाने सांगितलं, "थनाखान."

मामा बाकावरून उठलेच. "धनागार! अगं, हे तर आपलंच की! आमची आई पेढी म्हणते, बायको बँक म्हणते, पुस्तकात कुठे कुठे अधिकोष लिहितात म्हणे, आणि तू एवढ्या लांबून धनागार घेऊन आलीस?"

नर्सला एक अक्षर कळलं नाही. पण ती खूश झाली आणि तिने सगळ्यांत सुबक ओळ लिहिली.

आता सांगा, माझ्यासारख्या साध्या लाकडाने काय समजायचं? कुणी म्हणतं बाक, कुणी टेबल, कुणी चांदी, कुणी कोठार. मी आत डोकावून बघायची. आत काउंटर, पंखा, दोरीने बांधलेलं पेन आणि रांग. रांगेचं नाव मात्र कुणीच दिलं नव्हतं, याचं मला नवल वाटायचं.

सतरावी ओळ एका बाईने लिहिली. ती डोंगराकडची होती, एवढंच तिच्या जाड शालीवरून कळत होतं. नवरा जहाजावर होता, तो तिथेच वारला. कंपनीने तिला कसलातरी शिक्क्याचा कागद देऊन आमच्या बँकेत पाठवलेलं. बँक उघडायच्या आधीपासून ती उभी होती. कागद आत गेला आणि जेवणाची सुट्टी झाली तरी बाहेर येईना. मामांनी तिला आपल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः तीन तास उभे राहिले. गुडघेदुखीचा माणूस तो.

कागद आला. ती निघाली. तिचा जीव जरा रमावा म्हणून असेल, मामांनी तिला ब्रश दिला, दाराकडे बोट केलं, भुवया उंचावल्या. ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली, मग मामांकडे, मग माझ्याकडे. आणि तिने लिहिलं. एक शब्द नाही, चांगली लांबलचक ओळ. ब्रश तिने इतका दाबून धरला की त्याचे केस माझ्या लाकडात रुतले, ते मला अजून आठवतं.

"भाषा ऐसपैस दिसतेय," मामा म्हणाले. त्यांना शंका आली नाही. मलाही नाही.

पुढे मामांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं. बँकेला काचेचं दार बसणार होतं आणि बाहेरच्या सगळ्या जुन्या वस्तू निघणार होत्या. मोठ्या साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता.

"मामा, तुमची पाटी हॉलमध्ये लावू. काचेच्या चौकटीत, खाली तुमचं नाव. पण आधी भाषा जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घेतो. चुकीचं काही लावलं तर लोक बँकेला हसतील."

मामांनी एवढ्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे त्यांना हवं होतं, फार हवं होतं. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं, मामींनी आळीभर सांगितलं, आणि निरोपाच्या दिवसासाठी शर्ट आठवडाभर आधी इस्त्री करून ठेवला. मीसुद्धा काचेची स्वप्नं बघत होते. वाळवीला काच चावता येत नाही.

तपासायला एक भाषा शिकवणाऱ्या बाई आल्या. भिंग घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि एकेक ओळ वाचत गेल्या. मामा बाजूला हात बांधून उभे, निकालाच्या दिवशी उभं राहावं तसे.

"हे बरोबर. हेही बरोबर. बांको म्हणजे बाकसुद्धा, बरं का मामा. पूर्वी इटलीत सराफ बाजारात बाक मांडून बसायचे, त्या बाकावरून बँक."

"म्हणजे तो आचारी शुद्धीवर होता!" मामा म्हणाले. "मी बावीस वर्षं त्याला खुळा समजत होतो."

सोळा ओळी पार पडल्या. सतराव्या ओळीशी बाई थांबल्या. ही लिपी त्यांना येत नव्हती. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि आपल्या जुन्या गुरूंना पाठवला. उत्तर यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मामांनी मला रोज दोनदा पुसलं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या, साहेबही बाहेर येऊन उभे राहिले. बाईंचा चेहरा जरा वेगळाच.

"मामा, हा बँकेचा शब्द नाही."

"मग?"

बाईंनी मोबाईलवरून वाचून दाखवलं. "ह्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. दारातल्या भावाने बसायला दिलं."

मामा हळूच बाकावर बसले. बंदराच्या बाजूला बघत राहिले.

"तिच्या गावात बँकच नसेल," शेवटी साहेब म्हणाले. "काही बिघडत नाही मामा. ती एक ओळ खरवडून टाकू, वर रंग मारू. बाकीच्या सोळा उत्तम आहेत. चौकट तयार आहे."

"पुसायचं नाही असं ठरलंय, साहेब."

"कुणाशी ठरलंय? तुम्हीच ठरवलंत ना?"

"हो. पण त्या बाईच्या हातात ब्रश मीच दिला. तिला ठाऊक नव्हतं, तर तिने तसं लिहिलं. खोटं कुठे लिहिलं?"

"पण बँकेच्या पाटीवर 'ठाऊक नाही' कसं चालेल, मामा?"

मामा माझ्याकडे बघत होते. मला खरंच कळत नव्हतं, माझं काय व्हावं असं मला वाटतंय. मला काच हवी होती. मामांना त्यांचं नाव खाली लिहिलेलं हवं होतं, हे मला माहीत होतं. आणि तरी ती दाबून लिहिलेली ओळ खरवडली जाणार, या विचाराने माझ्या लाकडाला कसंसंच झालं. बाकीच्या सोळा जणांना नावं येत होती. मला स्वतःला इतकी वर्षं जे वाटत होतं, ते फक्त तिने लिहिलं होतं.

"नाही चालणार," मामा म्हणाले. "मग मी हिला घरी नेतो."

निरोपाचा हार झाला, चहा झाला. इस्त्रीच्या शर्टातले मामा मला काखेत मारून घरी निघाले. बँकेच्या काचेच्या दारावर आता नाण्यांचं एक चित्र आहे. ते सगळ्यांना कळतं म्हणे.

घरी मामींनी दारातच अडवलं. "अहो, हिला ठेवायची कुठे? माझ्या डोक्यावर? आणि काचेचं काय झालं? आळीभर सांगून बसलेय मी!"

मामांनी त्यांना सतरावी ओळ वाचून दाखवली. म्हणजे पाठ झालेली, ती म्हणून दाखवली. मामी आत गेल्या. आतून हातोडी आणि दोन खिळे घेऊन आल्या.

तेव्हापासून मी मामांच्या घराबाहेर, दाराशेजारी असते. घर बंदराच्या रस्त्यालाच आहे, आणि इथेच माझ्या गोंधळाचा कळस झाला. मागच्या महिन्यात एक दांडगा खलाशी रस्त्याने जात होता. तो माझ्यापुढे थबकला, 'पंक्की'वर बोट ठेवलं आणि सरळ आत शिरला. मामी भाजी निवडत होत्या. तो समोर बसला आणि मांडीवर पिशवी घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघू लागला.

"अहो, ऐकलंत का?" मामींनी आत हाक मारली. "गिऱ्हाईक आलंय तुमचं!"

मामांनी जुनी टोपी चढवली, त्याला पाणी दिलं आणि बँकेपर्यंत चालत पोचवून आले. त्यानंतर असे आणखी तिघे आले. मामी कुरकुरतात. पण परवा त्यांनीच सुताराकडून एक बाक करून आणला आणि माझ्याखाली मांडला.

तर अशी मी. आत बँक नाही, काउंटर नाही, चांदीही नाही. तरी सोळा भाषांत मी ठामपणे बँक असल्याचं सांगते. लोक फसतात, बसतात, पाणी पितात आणि रागावत मात्र कुणी नाही. मग मी खोटी पाटी झाले का? की आत्ताच कुठे खरी झाले? मी विचार करून थकले. आता माझ्यावरची एकच ओळ या घराला नेमकी लागू पडते, आणि ती लिहिणारीला तिचं ऋण माझ्यावर किती आहे याची कल्पनाही नसेल. ती कधी या रस्त्याने परत आली, तर मामा बाक सोडून उभे राहतील.

तुम्हीही कधी इकडून गेलात, तर थांबा. माझ्या तळाशी अजून एका ओळीची जागा आहे. तुमच्या घरी याला जे काही म्हणत असतील ते लिहा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून लिहा. फक्त लिहिलेलं पुसू नका. हिरवा रंग मामांकडे अजून थोडा शिल्लक आहे.