टिकलीच्या वर

सोमवारी सकाळी पावणेसातला केशवराव फिरून आले आणि जिन्यातच खाली बसले. अंगात स्वेटर होता, गळ्यात मफलर होता, हात छातीवर होता. बाहेरचं तापमान तेव्हा बारा अंश होतं. हे मी सांगतो, कारण मोजणारा मीच होतो.

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. भोपाळमध्ये जवाहर चौकाजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लटकत असे. काचेची बारीक नळी, तिच्यात लाल रंगाचं अल्कोहोल आणि मागे पत्र्याची पट्टी, एवढाच माझा देह. केशवराव कारखान्यात इंजिनियर होते तेव्हा त्यांनी मला चौकातून आणलं. मे महिन्यात शेजारी मला बघायला येत. चव्वेचाळीस दिसले की जणू मीच पराक्रम केला, असं कौतुक होई. हिवाळ्यात मात्र माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे.

मग केशवरावांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, कडाक्याच्या थंडीत पहाटे बाहेर पडू नका. कडाका म्हणजे किती, हे त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, स्वतःच ठरवलं. माझ्या दहाच्या खुणेवर त्यांनी आपली एक टिकली चिकटवली. लाल रेघ टिकलीच्या वर असेल तरच फिरायला जायचं. केशवराव कधीकधी माझा खालचा फुगा मुठीत धरून मला गरम करू बघत.

"हात काढा तिथून," आतून आवाज येई. "लहान आहात का?"

सोमवारच्या आधी आठवडाभर मी सहा-सातवर आखडून बसलो होतो. केशवराव घरात धुसफुसत होते. सोमवारी मी बारा दाखवले आणि त्यात काही लबाडी नव्हती. सुनंदाबाई म्हणाल्या, "जा एकदाचे. माझं डोकं तरी खाऊ नका."

जिन्यातूनच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी ग्वाल्हेरहून केशवरावांची बहीण आली. वसुधाबाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, ह्या नळीला विचारून तू दादाला बाहेर धाडलंस?"

"वन्सं, बारा होते."

"भाजीवाल्याला विचारतीस तर तोही बोलला असता, ठंड आहे म्हणून."

"तुम्ही एक दिवस घरात बसवून दाखवा त्यांना. मग बोला."

"बसवलं असतं. तुला त्याची कटकट नको होती, एवढंच."

तेवढं खरं होतं. वसुधाबाईंनी नखाने टिकली खरवडून काढली.

इतक्यात मुलगा आशय दवाखान्यातून आला. "आत्या, बस करा आता. डॉक्टर काय म्हणाले ऐका. उन्हाचा तडाखा बहुतेक एक-दोन दिवसांत कळतो. थंडीचं तसं नाही, ती मागे रेंगाळते. पारा चढला तरी नंतर आठ-दहा दिवस हार्टचे पेशंट येत राहतात. वॉर्ड फुल आहे, पूछो मत."

"म्हणजे फिरायला गेले नसते तरी झालं असतं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही म्हणाले. पण आई, तो दहाचा आकडा तू आणला कुठून? एकदा विचारायचं तरी त्यांना."

सुनंदाबाईंनी मला खिळ्यावरून उपटलं आणि गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर आपटलं. पत्रा वाकला, पण काच वाचली.

मित्रांनो, माझ्यावर राग काढून काय मिळणार? मी फक्त आत्ताची हवा सांगतो. परवाची थंडी माझ्या नळीत उरत नाही, माणसाच्या अंगात उरते. माझ्याकडे जरूर बघा, पण मागचा आठवडा कसा गेला तेही आठवा. घरात कुणाला हृदयाचं दुखणं असेल तर बाहेर कधी पडायचं ते डॉक्टरांकडूनच नीट समजून घ्या.

आज गुरुवार. माझ्यावर चौदा अंश आहेत. केशवराव अजून अतिदक्षता विभागातच आहेत. दुपारी आशयचा फोन आला; तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. सुनंदाबाई फक्त "निघते" म्हणाल्या. खाली सडकेवर नणंद-भावजय दोघी वेगवेगळ्या ऑटोंत बसून गेल्या. अजून कुणी परतलेलं नाही.